कामाच्या वाटेवरचा अपघात: ईएसआयचं संरक्षण कितपत कामाला येतं

घरून कामावर जाताना किंवा सुटल्यावर घरी येताना अपघात झाला आणि नातेवाईक कंपनीत गेले, की बहुतेक ठिकाणी एचआरचं उत्तर ठरलेलं असतं: ‘गेटच्या बाहेर झालंय, आमचा संबंध नाही.’ ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा योजना, लागू असलेल्या कामगाराच्या बाबतीत हे उत्तर १ जून २०१० पासून चुकीचं आहे. त्या दिवशी राज्य कामगार विमा कायद्यात कलम ५१-ई आलं आणि घर ते काम, काम ते घर हा प्रवास काही अटींवर नोकरीचाच भाग ठरला. तरी आजही असे कितीतरी अपघात साधं आजारपण म्हणून नोंदवले जातात. हे परीक्षण ईएसआयमधल्या याच एका तुकड्याचं आहे. ज्यांना ईएसआय नाही त्यांच्यासाठी मालक जी कामगार भरपाई पॉलिसी घेतो तिच्याबद्दल शेवटी थोडं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. लाभ म्हणून ही योजना भक्कम आहे. दरमहा १८,००० रुपये पगार असेल तर कामगाराचे १३५ रुपये कापले जातात आणि मालक ५८५ भरतो. एवढ्या पैशात पगाराच्या ९० टक्के रक्कम बरं होईपर्यंत, वर उपचार, आणि कायमचं अपंगत्व आलं तर आयुष्यभर दरमहा पैसे देणारी खासगी पॉलिसी मिळणार नाही. सेवा म्हणून मात्र ती ढिली आहे. ईएसआयचं शाखा कार्यालय स्वतःहून विचारायला येत नाही, दवाखान्यातला डॉक्टर अपघात कुठे निघालेला असताना झाला ते लिहित नाही, आणि मालकाला अहवाल भरण्यात रस नसतो. तिघांच्या मध्ये कामगाराचं घोडं अडतं.

आधी पैशाचा फरक बघा, म्हणजे या नोंदीसाठी भांडायचं कशाला ते कळेल.

अपघात ‘कामावरची इजा’ म्हणून मान्य झाला तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळतो. दर सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के. अपघाताचा दिवस सोडून किमान ३ दिवस कामाला जाता आलं नाही की तो लागू होतो आणि डॉक्टर ‘फिट’ लिहून देईपर्यंत चालतो. दिवसांची वरची मर्यादा नाही. नोकरीला किती दिवस झाले हेही बघत नाहीत. पहिल्याच दिवशी कामावर येताना पडलात तरी हक्क आहे.

हाच अपघात ‘आजारपण’ म्हणून गेला तर दर ७० टक्क्यांवर येतो, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि तेही आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तरच. १८,००० पगाराचा ढोबळ हिशेब असा: रोजचा पगार ६००, म्हणजे कामावरच्या इजेचे रोज ५४० आणि आजारपणाचे ४२०. मांडीचं हाड मोडून सहा महिने घरी बसावं लागलं तर पहिल्या खात्यात १८० दिवसांचे ९७,२०० रुपये जमा होतात. दुसऱ्यात ९१ दिवसांचे ३८,२२० मिळतात आणि पुढे काही नाही. नवा कामगार असेल तर दुसऱ्यात शून्य. शिवाय आजारपणाच्या खात्यातून कायमच्या अपंगत्वाकडे जाणारी वाटच नाही, आणि खरं नुकसान तिथे होतं.

आता हे संरक्षण कुठपर्यंत पोचतं. कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण जुने निकाल तोंडावर फेकणारे लोक अजून भेटतात. सौराष्ट्रातल्या मिठागराचे मजूर घरी परतताना खाडीत नाव उलटून बुडाले. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सार्वजनिक वाटेवर आणि सार्वजनिक नावेत माणूस नोकरीत नसतो. उलट बेस्टच्या प्रकरणात कल कामगाराकडे गेला. १९५७ मध्ये जोगेश्वरी डेपोतला एक चालक ड्युटी संपवून बेस्टच्याच बसने सांताक्रूझला घरी निघाला होता आणि ती बस उभ्या लॉरीवर आदळली. १९६३ च्या बहुमताच्या निकालाने तो प्रवास नोकरीचा भाग धरला, कारण बसने फुकट जाण्याची मुभा सेवेच्या सोयीसाठीच दिलेली होती. मग १९९६ मध्ये पुन्हा दार बंद झालं. सायकलवरून कामावर निघालेल्या माणसाला कारखान्यापासून एक किलोमीटरवर लॉरीने उडवलं होतं, आणि न्यायालय म्हणालं, ही कामावरची इजा नव्हे. एचआरवाल्यांच्या डोक्यात बसलेला नियम हाच. २०१० च्या दुरुस्तीने तो मोडीत काढला.

उरलेली शंका २९ जुलै २०२५ ला गेली, आणि प्रकरण आपल्याच मातीतलं होतं. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव भागातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ ला पहाटे ३ च्या पाळीसाठी मोटारसायकलवर निघाला होता. कारखाना साधारण ५ किलोमीटरवर असताना अपघातात गेला. कामगार नुकसानभरपाई आयुक्तांनी घरच्यांना ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केलं. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा कायम केलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दोन गोष्टी सांगितल्या: कलम ५१-ई आधीपासून असलेल्या कायद्याचाच खुलासा करतं, म्हणून २०१० च्या आधीच्या अपघातांनाही ते लागू, आणि १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यातले शब्दही त्याच अर्थाने वाचायचे. बावीस वर्षं लागली ही वेगळी गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत तर ही तरतूद दोन्हीकडे, ईएसआयच्या आणि नुकसानभरपाईच्या प्रकरणात, स्पष्ट लिहिली आहे. त्यामुळे चोडण किंवा दिवाडीहून फेरीबोटीने मांडवी ओलांडून कामावर जाणाऱ्या गोव्यातल्या कामगाराला १९५८ चा मिठागराचा निकाल कोणी दाखवत असेल, तर तो जुन्या बाजाराचं नाणं दाखवतोय.

मात्र प्रत्येक रस्ता-अपघात आपोआप बसत नाही. कायदा संबंध सिद्ध करायला सांगतो आणि तो तीन अंगांनी तपासला जातो: परिस्थिती, वेळ, जागा. तळेगावात राहणारा माणूस चाकणच्या सकाळी ७ च्या पाळीसाठी निघाला आणि ६.३५ ला तळेगाव-चाकण रस्त्यावर पडला, तर तिन्ही जुळतात. तोच माणूस त्या वेळी आळंदीला असेल तर जागा जुळत नाही. पाळी दुपारी ३ ला सुटली आणि अपघात रात्री ९ ला झाला तर वेळ जुळत नाही. ओव्हरटाइम असेल तर जुळते, पण तो मस्टरवर दिसायला हवा. आणि रोखीने दिलेला, मस्टरबाहेरचा ओव्हरटाइम इथे गळ्याशी येतो.

वाटेत थांबण्याचं काय? पेट्रोल भरणं, रेल्वे फाटक, पावसात पुलाखाली थांबणं, यावर सहसा कोणी बोट ठेवत नाही. मुलाला शाळेत सोडून पुढे जाणं, सहकाऱ्याला त्याच्या घरून उचलणं हे रोजच्या मार्गावर आणि रोजच्या वेळेत असेल तर मांडता येतं. पण ते पहिल्याच जबाबात सांगितलेलं बरं, कारण पंचनाम्यातली जागा थेट रस्त्यावर नसेल आणि कारण नंतर निघालं तर ते बनवलेलं वाटतं. लग्नाला जाऊन तिथून परस्पर कामावर, किंवा सुटल्यावर मित्राकडे बसून मग घरी, ही प्रकरणं अडतात. कंपनीच्या किंवा कंपनीने ठरवलेल्या बसमध्ये अपघात झाला तर मात्र एवढं झगडावं लागत नाही. त्यासाठी कलम ५१-सी आधीपासून आहे.

खरी लढाई पहिल्या दिवशीच्या कागदांवर असते.

पहिला कागद इस्पितळातला. कॅज्युअल्टीत जखमीला आणलं की डॉक्टर मेडिको-लीगल नोंद करतात. तिथे ‘हकिगत’ म्हणून एक ओळ असते आणि तीत बहुतेक वेळा एवढंच येतं: मोटारसायकलवरून पडून इजा, वेळ, ठिकाण. कुठून कुठे चालला होता हे नसतं. सोबत असलेल्याने त्याच वेळी सांगावं: ‘घरून अमुक कंपनीत पाळीला जाताना’, आणि लिहून घ्यावं. हा कागद अपघातानंतर तासाभरात, कोणाच्या डोक्यात दावा नसताना तयार झालेला असतो, म्हणून नंतर त्याचं वजन सगळ्यात जास्त. पुढे पोलिसांचा जबाब होतो, त्यातही हेच वाक्य हवं. गावाकडून धावत आलेला भाऊ ‘बाजारात गेला होता’ असं अंदाजाने सांगून मोकळा होतो, आणि ती एक ओळ पुढे दोन वर्षं खाते.

दुसरा कागद कंपनीतला. अपघाताची सूचना तोंडी दिली तरी चालते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर सुपरवायझर आणि एचआर दोघांना अपघाताचं ठिकाण, वेळ आणि ‘ड्युटीवर येताना’ हे शब्द लिहून पाठवावेत. कंपनीने अपघात वहीत, म्हणजे फॉर्म ११ मध्ये, नोंद करायची आणि फॉर्म १२ चा अपघात अहवाल २४ तासांत ईएसआयच्या पोर्टलवर भरायचा. मृत्यू असेल तर ताबडतोब. संहितेखालचे नवे नियम येतील तसे क्रमांक बदलू शकतात, पण वही आणि अहवाल हे दोन टप्पे लक्षात ठेवा. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही. पण महिन्याभराने भरलेल्या अहवालावर शाखा व्यवस्थापक चौकशी लावतोच.

फॉर्म १२ मध्ये एक जागा नेहमी चुकते. अपघाताच्या वेळी कामगार काय करत होता, तिथे कंपनीचा कारकून ‘ड्युटीवर नव्हता’ असं लिहितो. त्याच्या मते तो खरंच लिहितोय, कारण गेटवर हजेरीचा पंच झालेला नसतो. तिथे लिहायला हवं ते असं: ‘अमुक वेळेच्या पाळीसाठी निवासस्थानाहून कामावर येत होता’, आणि पुढे राहण्याचं ठिकाण, नेहमीचा मार्ग, वाहन, अपघातस्थळाचं दोन्ही टोकांपासून अंतर. एवढी चार वाक्यं नीट गेली तर अर्धी चौकशी तिथेच संपते. मालक अहवाल भरायला का कचरतो? अपघातांची संख्या वाढून तपासणी येईल ही भीती. खरं म्हणजे लाभाचा एक रुपयाही त्याच्या खिशातून जात नाही, तो ईएसआय महामंडळ देतं. वर्गणी वेळेवर भरणाऱ्या मालकाला लपवण्याचं काही कारण नाही. जो भरत नाही त्याचं पाणी इथे मुरतं: माणूस महिनाभर कामावर आहे आणि नोंदणी अपघाताच्या दुसऱ्या दिवशीची, अशी फाइल संशयातच उघडली जाते.

मालक ऐकतच नसेल तर कामगाराने किंवा घरच्यांनी शाखा कार्यालयात स्वतः लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. सोबत लागतं ते सहसा हे: मेडिको-लीगल कागद, एफआयआर किंवा स्टेशन डायरीचा उतारा, स्थळपंचनामा, त्या दिवसाचं आणि आधीच्या महिन्याचं मस्टर, पगारपट्टी, ओळखपत्र, राहण्याचा पुरावा, स्वतः गाडी चालवत असल्यास लायसन्स आणि गाडीचे कागद. लायसन्स नाही म्हणून लाभ नाही असं कलम ५१-ई म्हणत नाही, पण प्रश्न येतो हे धरून चला.

राहण्याच्या पुराव्याबद्दल दोन शब्द, कारण याच्यावर चांगल्या केसेस लटकतात. नोंदणी होते तेव्हा आधारवरचा पत्ता जातो: बीड, लातूर, वाशीम, नाहीतर बिहारमधलं गाव. माणूस राहतो चाकणला, वाळूजला नाहीतर बुटीबोरीला भाड्याच्या खोलीत, आणि भाडेकरार नसतो. मग अपघात ‘घर आणि काम यांच्या मधला’ कसा म्हणायचा, असा प्रश्न टेबलापलीकडून येतो. कायद्याला गावचं घर नकोय, राहतं घर हवंय. घरमालकाचं पत्र, गॅस जोडणीचं पुस्तक, वीजबिल आणि सोबत घरमालकाचा जबाब, मुलाच्या शाळेचा दाखला, यातलं काहीही चालवता येतं. पण धडधाकट असतानाच कंपनीकडून ईएसआयच्या नोंदीत सध्याचा पत्ता बदलून घेतला तर हे करावं लागत नाही. याला खर्च शून्य आहे. कंत्राटी कामगाराने आणखी एक गोष्ट बघावी: ई-पहचान पत्रावर, म्हणजे ईएसआयच्या ओळखपत्रावर, कोणाचा कोड क्रमांक आहे. काम रांजणगावात आणि कंत्राटदाराचा कोड ठाण्याचा असेल तर फाइल कुठल्या शाखेची यावरच पहिला महिना जातो. कंत्राटदार गायब झाला तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही.

लोकलने जाणाऱ्यांचे कागद वेगळे. स्टेशन मास्तरचा मेमो, लोहमार्ग पोलिसांची नोंद, आणि पास. पास अंगावर सापडल्याची नोंद पंचनाम्यात आली पाहिजे. मोबाइलवरचा पास असेल तर फोन पोलिसांच्या ताब्यात जाण्याआधी त्याचा पुरावा काढून ठेवावा.

खड्ड्यात चाक जाऊन एकट्याचीच गाडी घसरली, समोर दुसरं वाहन नाही, अशा वेळी हे संरक्षण सगळ्यात जास्त उपयोगी आहे. मोटार अपघाताच्या दाव्यात समोर कोणी प्रतिवादीच नसतो, थर्ड पार्टी विमा कामाला येत नाही. ईएसआय चूक कोणाची ते विचारत नाही. आणि नेमक्या याच अपघातात लोक पोलिसांत जात नाहीत, हाडवैद्याकडे जातात, चौथ्या दिवशी पाय सुजल्यावर एक्स-रे काढतात. तोवर पहिल्या दिवशीचा एकही कागद नसतो. घसरून पडलात तरी त्याच दिवशी ईएसआयच्या दवाखान्यात किंवा पॅनेल डॉक्टरकडे तोंड दाखवून यायचं आणि स्टेशन डायरीत नोंद करायची.

उपचारांबाबत मत मिश्र आहे. तातडीत जवळच्या खासगी इस्पितळात गेलात तर खर्चाचा परतावा मागता येतो, पण तातडी होती हे कागदावर दिसावं लागतं आणि परतावा रेंगाळतो. रस्ता अपघातातल्या कोणालाही ७ दिवसांत दीड लाखापर्यंत विनारोकड उपचार देणारी केंद्राची योजना मे २०२५ पासून आहे. नोंदवलेल्या इस्पितळात ती आधी मागावी. प्रकृती स्थिर झाल्यावर ईएसआयच्या रुग्णालयात हजेरी लावणं गरजेचं, कारण रजेची सर्टिफिकेटं तिथून चालू व्हायला हवीत. दोन सर्टिफिकेटांच्या मध्ये चार दिवस सुटले तर त्या चार दिवसांचे पैसे गेले म्हणून समजा. खासगी डॉक्टरचा कागद पर्यायी पुरावा म्हणून शाखा मान्य करू शकते, पण ते तिच्या मर्जीवर. सर्टिफिकेटं चालू असेपर्यंत मालकाला कामावरून काढता येत नाही.

कायमच्या अपंगत्वाचा भाग मात्र लोक सोडून देतात, आणि तो सगळ्यात मोलाचा आहे. फिटनेस मिळाला, माणूस कामावर गेला, विषय संपला असं वाटतं. वास्तविक तेव्हाच वैद्यकीय मंडळाकडे पाठवण्याचा अर्ज करायचा असतो. मंडळ कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटली ते ठरवतं. काही इजांचे टक्के कायद्याच्या परिशिष्टात छापलेलेच आहेत, जसं अंगठा गेला तर ३०. बाकीचे मंडळ बघून ठरवतं: गुडघा किती वाकतो, पाय किती आखूड झाला. वरच्या उदाहरणातल्या माणसाला २० टक्के मिळाले तर ५४० चे २० टक्के म्हणजे रोज १०८, महिन्याला सुमारे ३,२४०. हे आयुष्यभर, आणि नोकरी पूर्ण पगारावर चालू असली तरीही. मंडळापुढे जाताना ताजा एक्स-रे, शस्त्रक्रियेचा तपशील आणि तुमचं काम नेमकं काय आहे याचं कंपनीचं पत्र न्यावं. ‘हेल्पर’ या शब्दातून कोणाला काही कळत नाही. दिवसभर उभं राहून प्रेस मशीन चालवतो असं लिहिलं तर कळतं. टक्के कमी वाटले तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरण आहे.

मृत्यू झाला तर अवलंबितांना मिळून त्याच ९० टक्के दराने मासिक रक्कम मिळते. पत्नीला त्यातले तीनपंचमांश, प्रत्येक मुलाला दोनपंचमांश, आणि बेरीज पूर्ण दरावर गेली तर त्याच प्रमाणात सगळ्यांचे वाटे कमी होतात. अंत्यविधीचे १५,००० वेगळे.

आता एक सापळा, आणि वकीलसुद्धा यात अडकतात. ईएसआय कायद्याचं कलम ५३ म्हणतं, की कामावरच्या इजेसाठी विमाधारकाला मालकाकडून किंवा इतर कोणाकडून दुसऱ्या कायद्याखाली भरपाई मागता येणार नाही. ट्रकने धडक दिली आणि तुम्ही ईएसआयचा लाभ घेतलात, तर ट्रकची विमा कंपनी मोटार अपघात न्यायाधिकरणात हेच कलम पुढे करते. तरुण, जास्त कमावता माणूस गेला असेल, चूक सरळसरळ ट्रकची असेल आणि ट्रकचा विमा चालू असेल, तर मोटार अपघाताचा दावा एकरकमी बराच मोठा असू शकतो. म्हणून मृत्यूच्या किंवा मोठ्या अपंगत्वाच्या प्रकरणात अवलंबितांच्या लाभाचा फॉर्म भरण्याआधी वकिलाकडून दोन्ही आकडे कागदावर मांडून घ्यावेत. अपघात अहवाल मात्र अडवून ठेवू नये. रेल्वे अपघातात मृत्यूसाठी ८ लाखांची तरतूद आहे. तिथेही एकाच अपघाताची भरपाई दोनदा मागता येत नाही, आणि रूळ ओलांडताना झालेला अपघात त्यात सहसा बसत नाही.

ज्यांना ईएसआय नाही त्यांचं काय? पगार २१,००० च्या वर गेला की माणूस बाहेर पडतो. मात्र एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च या सहामाहीच्या मध्येच पगार वाढला असेल तर ती सहामाही संपेपर्यंत तो आतच असतो, आणि २१,००० मोजताना ओव्हरटाइम धरत नाहीत. पगारवाढीच्या महिन्यात अपघात झाला तर आधी हे तपासा. खरोखर बाहेर असाल तर नुकसानभरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते आणि शहाणा मालक तिच्यासाठी पॉलिसी घेतो. मृत्यूचं सूत्र: महिन्याच्या पगाराच्या ५० टक्के गुणिले वयाचा गुणांक, कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ६० टक्के. पण पगार कितीही असो, ३ जानेवारी २०२० पासून हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात. ३५ वर्षांच्या माणसाचा गुणांक १९७.०६, म्हणजे मृत्यूला १४,७७,९५० आणि पूर्ण अपंगत्वाला १७,७३,५४०. तात्पुरत्या अपंगत्वाला मात्र दर पंधरवड्याला पगाराचा चौथा हिस्सा, म्हणजे या मर्यादेत महिन्याला ७,५००. ४०,००० पगार असलेल्या सुपरवायझरला हे काहीच नाही. ईएसआयचा ९० टक्क्यांचा लाभ इथे आठवतो.

या पॉलिसींना आमचे गुण कमी आहेत, आणि कारण मालकच असतो. प्रीमियम वाचवायला पगार कमी दाखवलेला, माणसं वीस आणि यादीत बारा, कंत्राटी कामगारांची जोड घेतलेलीच नाही, वैद्यकीय खर्च नाममात्र रकमेपुरता. पॉलिसी घेताना एजंटकडून हे चार मुद्दे लेखी घ्यावेत आणि पाचवा विचारावा: येण्या-जाण्याच्या प्रवासातला अपघात धरता का, आणि कुठल्या शब्दांत. २०२५ च्या निकालानंतर नाही म्हणणं विमा कंपनीला जड आहे, तरी आधी विचारलेलं बरं. भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही तर मालकाला १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. दंड विमा कंपनी भरत नाही, आणि व्याजही पॉलिसीच्या शब्दांनुसार वगळलेलं असू शकतं. दारू पिऊन गाडी चालवताना झालेल्या इजेत मालक सुटतो, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व सोडून. आणि मृत्यूची भरपाई मालकाने परस्पर घरच्यांच्या हातात देऊन सही घेतली तर कायद्याच्या लेखी ती भरपाई धरली जात नाही. ती आयुक्तांकडेच जमा करावी लागते. दावा दोन वर्षांच्या आत लावायचा असं धरून चालावं.

ईएसआयकडून नकार आला तर तो लेखी मागा. काउंटरवर ‘हे बसत नाही’ म्हणून फाइल परत दिली जाते, लोक घरी जातात, आणि कागदोपत्री नकार झालेलाच नसतो. लेखी नकारात कारण येतं: वेळ, जागा की परिस्थिती. त्या एकाच मुद्द्यावर पुरावा जोडून आधी प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयाकडे अर्ज करावा. तिथे न जमल्यास कामगार विमा न्यायालयात जाता येतं, कारण घडल्यापासून तीन वर्षांच्या आत. जाताना २९ जुलै २०२५ च्या निकालाची प्रत सोबत असू द्यावी, आणि १९९६ चा निकाल समोरून येणार हे गृहीत धरून वकिलाला ५१-ई चा मजकूर पहिल्याच पानावर टाकायला सांगावा.